मधल्या दाराची बिजागरी

१२ जानेवारी

प्रिय मामा,

दोन वर्षांनी पत्र लिहितेय आणि तेही कामापुरतं, म्हणून आधीच कान पकडते. फोन केला असता, पण तुम्ही ऐकणार कसे? तीस वर्षं त्या मशीनच्या करवतीशेजारी उभे राहिलात आणि दोन्ही कान तिलाच देऊन बसलात. तेव्हा पत्रच बरं.

मी घर बदललं. भाड्याचं आहे, दुसरा मजला, दोन खोल्या. यांचं जहाज जूनशिवाय परत येत नाही, तोवर सगळं माझ्याच गळ्यात. चष्म्याच्या दुकानातली नोकरी चालू आहे. दिवसभर दांड्या बसवायच्या, काड्या सरळ करायच्या, केसाएवढे स्क्रू पिळायचे.

तर काम असं. स्वयंपाकघरात ओट्याच्या समोरच्या भिंतीवर एक लांबलचक कपाट टांगलंय, तीन दारांचं, डोक्याच्याही वर. आधीच्या भाडेकरूने बसवून घेतलेलं. त्यातलं मधलं दार लोंबायला लागलंय. उघडताना शेजारच्या दाराला घासतं, मिटताना कोपरा खाली राहतो. घरमालक म्हणतो, तुमचं तुम्ही बघा.

म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बिजागरी मागितली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "झिरो, आठ की सोळा?" मी म्हटलं, "एकच द्या." दुकानातली चार माणसं हसली. मग त्याने क्रँक कुठला, कप केवढा, सॉफ्ट-क्लोज हवी की साधी, असं काय काय विचारलं. "घरी विचारून सांगते," असं म्हणून मी पळ काढला. आता तुम्हीच शिकवा.

तुमची,
खारू


१७ जानेवारी

खारूताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि "एकच द्या" तेवढं चारदा. बाजूच्या औषधवाल्यालाही वाचून दाखवलं. सुताराची भाची असून नाक कापलंस की गं माझं.

आता नीट वाच. जुन्या पेटीला किंवा खोलीच्या दाराला दोन पत्र्यांची, मध्ये सळई असलेली असते ती साधी बिजागरी. तुझ्या कपाटाला ती नसणार. दार उघडून आत बघ. दाराच्या पाठीत वाटीएवढा गोल खड्डा असेल आणि त्यात एक लोखंडी डबी बसवलेली असेल. तो कप. त्यातून बाहेर येतो तो हात. आणि हात ज्या पट्टीवर बसतो, ती कपाटाच्या उभ्या फळीला स्क्रूने मारलेली असते, ती प्लेट. हे सगळं मिळून ऑटो हिंज.

झिरो, आठ आणि सोळा म्हणजे त्या हाताचा बाक. दार उभ्या फळीची सगळी जाडी झाकत असेल तर हात सरळ, तो झिरो. एकाच फळीवर दोन बाजूंची दोन दारं अर्धी अर्धी टेकत असतील तर हात थोडा वाकडा, तो आठ. आणि दार दोन फळ्यांच्या आत शिरून बसत असेल तर चांगलाच वाकडा, तो सोळा. तुझं दार मधलं आहे, म्हणजे शेजाऱ्याशी फळी वाटून घेणारं. आठ. पुन्हा दुकानात गेलीस की छाती पुढे काढून आठ माग.

पण आधी नवी आणू नकोस. त्या हातावर दोन स्क्रू दिसतील. पुढचा पिळलास की दार डावीउजवीकडे सरकतं, मागचा सैल केलास की पुढेमागे. वर-खाली करायचं तर प्लेटचे स्क्रू सैल करून दार उचलायचं आणि पुन्हा आवळायचं. एका वेळी अर्धा फेरा, त्याहून जास्त नाही. चष्म्यासारखंच आहे, फक्त नाक मोठं.

नाही जमलं तर खोलीचा नकाशा काढून पाठव, मापांसकट. म्हणजे मला इथून दिसेल.

तुझ्या आईबद्दल मी विचारत नाही आणि तूही कळवू नकोस. आमचे वडील गेले तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघराची दारं पुरी करत बसलो आणि अर्धा दिवस उशिरा पोचलो, हे मला मान्य आहे. पण चारचौघांत "माझ्या घरात पाऊल टाकू नकोस" असं तिने म्हणायची गरज नव्हती. अकरा वर्षं नाही टाकलं. विषय संपला.

मामा


४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

जमलं! पहिल्याच रविवारी दार असं सरळ झालं की मी स्वतःची पाठ थोपटली. तुमच्या अर्ध्या फेऱ्याचा मंत्र अगदी बरोबर.

पण आठ दिवसांत ते पुन्हा उतरलं. मी पुन्हा उचललं. ते पुन्हा उतरलं. आता पुढचा स्क्रू शेवटाला आलाय, पुढे पिळतच नाही. डावं दारही घासायला लागलंय, म्हणून त्यालाही थोडं वर घेतलं. समोरून बघाल तर तिन्ही दारं एका रेषेत आहेत. काड्या सरळ करायचं रोजचं काम माझं, वाकडं दिसलं की राहवत नाही.

आता खरी गोष्ट सांगते, हसू नका. मधलं दार आपोआप उघडतं. कोणी हात लावत नाही, वारा नसतो. थोडं हलतं, मग सावकाश पूर्ण उघडतं आणि तसंच राहतं. दिवसातून तीन-चार वेळा होतं हे. मी स्वतः पाहिलंय. भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे तुम्हाला माहीत आहे. पण मामा, त्या कपाटाकडे पाठ करून मला ओट्याशी उभं राहवत नाही. कणीक मळता मळता मान आपोआप मागे वळते.

कपाटात काचेच्या बरण्या, चिनी मातीची सगळी भांडी आणि वरच्या फळीवर पितळेची मोठी पातेली आहेत. नकाशा सोबत ठेवलाय, मापांसकट.

खारू


९ फेब्रुवारी

खारू,

पत्र मिळालं. नकाशा मिळाला.

दार आपोआप उघडतं म्हणजे बिजागरीची स्प्रिंग गेली. बदल, आठचीच घे. तोवर चुंबक लाव. दुकानात मॅग्नेट कॅचर म्हणून मिळतो, दोन स्क्रूंचं काम आहे. भुतंबितं काही नसतं.

बाकी मी कामात आहे.

मामा


११ फेब्रुवारी

खारू,

परवाचं पत्र हातात पडलं असेल तर फाडून टाक. चुंबक लावू नकोस. काहीही लावू नकोस. एकही स्क्रू पिळू नकोस.

आज सकाळी कामावर एका कपाटाचा खोका भिंतीला लावून बघत होतो. अजून पक्का केला नव्हता, हाताखालच्या शिकाऊ पोराने धरला होता. त्याचा हात जरा ढिला झाला, खोका वरून बोटभर पुढे झुकला आणि त्याचं दार सावकाश उघडलं. कोणी हात न लावता. हलकेच, पूर्ण. मी तिथेच खाली बसलो.

बिजागरी बिघडलेली नाही गं. तुझं कपाट भिंतीतून सुटतंय.

एका बाजूची गिट्टी आधी निघाली असणार. गिट्टी म्हणजे भिंतीच्या भोकात ठोकतात ते प्लॅस्टिक, ज्यात स्क्रू धरून राहतो. ती निघाली म्हणून खोका तिरका झाला, म्हणून दार उतरलं. मग वरची बाजू भिंतीपासून पुढे आली, म्हणून दार उघडायला लागलं. कपाट सांगत होतं आणि मी तुला ते गप्प करायला शिकवलं. तू प्रत्येक वेळी दार सरळ केलंस आणि जे दिसायला हवं होतं ते झाकलं गेलं. आपल्या दोघांचे हात चांगले आहेत, तेच नडलं.

आता क्रमाने कर. मागचं पुढे करू नकोस.

कपाटाखाली कोणी असेल तर आधी त्याला बाहेर काढ. नकाशात कपाटाच्या बरोबर खाली तू काहीतरी काढून खोडलं आहेस. सहा फूट बाय तीन. शेजारी एक लहान चौकोन. मी आयुष्यभर नकाशे वाचत आलोय. ती खाट आहे. त्यावर कोण झोपतं ते मला सांगू नकोस, फक्त त्या माणसाला उठव आणि दुसऱ्या खोलीत ने. खाट ओढू नकोस. माणूस आधी.

बरण्या काढायला कपाटाखाली उभी राहू नकोस. बाजूने, स्टुलावर चढून कपाटाच्या डोक्यावर बघ. भिंत आणि कपाट यांच्यात पोस्टकार्ड जातं का? गेलं तर स्वयंपाकघराला बाहेरून कडी घाल आणि मी येईपर्यंत आत जाऊ नकोस.

तुझ्या घरी फोन नाही, म्हणून औषधवाल्याने माझ्यासाठी तुझ्या दुकानात फोन लावला. मालक म्हणाला, सोमवारपासून ती आलीच नाही. एवढं बोलून त्याने ठेवला, आणि त्यानंतर लाइनच लागत नाही. तू का आली नाहीस दुकानात? काय झालंय?

तिकडची गाडी परवा सकाळी सुटते, पुढे दोन दिवसांचा प्रवास. पत्र आजच्या टपालाने जाईल, माझ्या आधी पोचेल. पोचू दे रे देवा.

मामा


१३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुमचं ९ तारखेचं पत्र काल आलं. फारच तुटक होतं, वाचून वाईट वाटलं. पण सल्ला लागू पडला! चुंबक आणला, लावला, आणि कालपासून दार एकदाही उघडलं नाही. टक् करून मिटतं आणि मिटलेलंच राहतं. भीती निम्मी कमी झाली. नवी बिजागरी पुढच्या आठवड्यात आणते. आता दार नीट राहतंय म्हणून खोक्यात पडलेल्या उरलेल्या बरण्याही वर चढवून टाकल्या.

आता जे लपवलं ते सांगते. रागावणार तर रागवा.

आई माझ्याकडे आहे. ऑक्टोबरमध्ये ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय अजून जमिनीला टेकवत नाही, आधाराशिवाय उठता येत नाही. तिची खाट स्वयंपाकघरातच घातलीय, कारण न्हाणीघर तिथून दोन पावलांवर आहे आणि दुसऱ्या खोलीत खाट वळतच नाही. तुम्हाला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती तिने. तुम्ही नकाशा मागितलात तेव्हा आधी खाट काढली, मग भीतीने खोडली.

दार उघडतं हे तिनेच आधी पाहिलं. दिवसभर तिथेच पडून असते, दुसरं बघणार काय? तिला आता कपाटाचं वेडच लागलंय. सारखी म्हणते, "भिंत बोलते गं." आतून बारीक करकर ऐकू येते म्हणे, आणि पहाटे उशीवर चुन्याचा भुगा पडलेला असतो. मी म्हटलं, आई, जुनं घर आहे, रंग सुटतो. सोमवारपासून तिला ताप आहे म्हणून मी दुकानात गेले नाही. तापात माणूस काहीही ऐकतं. काल तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "मला इथून हलव." मी तिची समजूत घातली. दार बघ, म्हटलं, आता कसं गप्प बसलंय.

तुम्ही तिच्याशी बोलू नका हवं तर. पण मला लिहा.

खारू


१८ फेब्रुवारी

दादा,

तू समोरच्या खुर्चीत बसला आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. तुला ऐकू जाईल इतकं ओरडायची ताकद माझ्यात नाही, आणि ओरडले तर आत खारू जागी होईल. तीन दिवस तू मला विचारतो आहेस आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेय. आता वाच.

तुझं शेवटचं पत्र पंधरा तारखेला सकाळी आलं. तिने उभ्यानेच वाचलं. वाचता वाचता तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं कोणीतरी गेलं. मला काही न सांगता ती स्टूल घेऊन कोपऱ्यात गेली, वर चढली, आणि तुझं पत्र घडीसकट कपाटामागे सरकवून बघितलं. ते आत गेलं आणि हातातून निसटून पार मागे पडलं. ती उतरून थेट माझ्या खाटेशी आली. म्हणाली, "आई, ऊठ." मी म्हटलं, कशी उठू? ती म्हणाली, "ऊठ गं आई, ऊठ."

तिने मला काखेत हात घालून बसवलं. पाय खाली सोडले आणि खुब्यातून अशी कळ आली की मी किंचाळून तिला ढकललंच. मी ढकललं, दादा. ती तोल जाऊन कपाटाच्याच भिंतीवर आपटली आणि वर काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला.

मग मी वर बघितलं. इतके दिवस ज्याच्याकडे बघत होते ते कपाट हळूहळू माझ्याकडे येत होतं. आतल्या बरण्या सरकल्याचा आवाज आला. खारूने दोन्ही हात वर केले आणि ते धरलं. माझ्या अंगावर ओणवी होऊन, एक गुडघा खाटेवर टेकवून. तिला कितीसं बळ? ती ओरडत होती, "खाली उतर, खाली उतर, खाली उतर." मी कड घेऊन खाली पडले. कोपरांवर सरपटत दारापर्यंत गेले. किती वेळ लागला सांगता येत नाही. एकदा मागे बघितलं तर तिच्या मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या आणि डोळे मिटलेले होते. दाराबाहेर पोचल्यावर मी म्हटलं, "सोड, खारू." तिने सोडलं आणि मागे उडी मारली. पण उजवा हात मागे राहिला. खाटेचा लोखंडी दांडा आणि कपाट यांच्यामध्ये.

खाट मधोमध वाकलीय, तू पाहिलीस. मी जिथे छाती ठेवून झोपायचे तिथे.

संध्याकाळी तू आलास तेव्हा मी बोलले नाही. राग नव्हता. बोलायला गेले असते तर ओरडले असते आणि थांबता आलं नसतं. मला अजून भीती वाटते. छताकडे बघवत नाही. डोळे मिटले की ते पुढे यायला लागतं.

दार लोंबलं त्या पहिल्याच आठवड्यात तिला तुला बोलवायचं होतं. मी म्हटलं, त्याला बोलवलंस तर मी अन्नाला शिवणार नाही. हे तिने तुला सांगितलं नसेल. म्हणून मी सांगतेय.

धाकटी


(त्याच कागदाच्या मागे)

धाकटे,

तू लिहिलंस, आता माझंही ऐक. मी खारूला ११ तारखेच्या पत्रात खोटं लिहिलं. खाटेवर कोण झोपतं ते मला सांगू नकोस, असं लिहिलं. मला ते आधीच माहीत होतं.

नकाशा हातात आला तेव्हाच खोडलेली खाट दिसली. पोरगी एकटी राहते म्हणते आणि स्वयंपाकघरात खाट. दिवसभर दुकानात असते म्हणते आणि दार तीन-चार वेळा उघडलेलं मोजते. कोण मोजतं? मला लगेच कळलं, तू तिथे आहेस आणि माझ्यापासून लपवलं जातंय. असा संताप आला की पत्र पुढे धड वाचलंच नाही. स्क्रू शेवटाला आलाय, असं तिने स्वच्छ लिहिलं होतं. शिकाऊ पोरालाही त्यावरून कळलं असतं. मी चार ओळी खरडल्या आणि टाकून दिल्या. चुंबक लाव म्हटलं. तुझ्या डोक्यावर कपाट येतंय आणि मी तुझ्यावर रुसून बसलोय.

दोन दिवस. दोन दिवस आधी नीट वाचलं असतं तर तिचा हात शाबूत असता.

काल घरी आलेल्या डॉक्टरांनी मला लिहून दाखवलं, दोन बोटांचं तीन आठवड्यांनी कळेल. मी विचारलं, हलतील ना? त्यांचे ओठ हलले, मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. तू तिथे होतीस. काय म्हणाले ते?

दादा


१९ फेब्रुवारी

आई, मामा,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर लागेल तसं लावून घ्या.

कागद टेबलावरच राहिला होता, मी दोन्ही बाजू वाचल्या. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. आईने ते ऐकलंय, मीही ऐकलंय. आता तुम्हालाही कळलं.

तुम्ही दोघं आपापली चूक मांडताय, म्हणून माझीही लिहिते. दार आपोआप उघडायला लागलं तेव्हाच मला आतून कळलं होतं, की हे बिजागरीचं काम नाही. वर चढून बघितलं असतं तर फट दिसली असती. बघितलं नाही. फट दिसली असती तर मामांना बोलवावं लागलं असतं. मामा आले असते तर आईने ताट बाजूला सारलं असतं. आणि आई इथे आहे हे कळल्यावर मामा दारातूनच परत गेले असते. मग मी दोघांच्या मध्ये उभी राहून काय केलं असतं? स्क्रू पिळणं सोपं होतं. मी पिळत राहिले.

त्या कपाटाची मला भीती वाटायची, हे खरं आहे. पण तुमची दोघांची जास्त वाटायची. अजूनही वाटते. म्हणून शेजारच्या खोलीत असूनही हे तोंडाने न सांगता लिहून ठेवतेय.

खारू